गुंडाळून ठेवलेलं मैदान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी भाची अमेरिकेत मोंटाना राज्यात बिलिंग्ज नावाच्या गावी राहते. तिचे यजमान तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. २०१६ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. ‘‘मामू, इथं न्यूयॉर्कसारखं काही बघायला मिळणार नाही हं,’’ असं तिनं मी विमानात बसण्याआधीच बजावलं होतं. मला तरी कुठे न्यूयॉर्क बघायचं होतं? मला तिचा मुलगा बघायचा होता. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मला ‘नाना’ म्हणायचा.

एका शनिवारी संध्याकाळी या नातवानं मला एका सामन्याला ओढत नेलं. ‘बिलिंग्ज वुल्व्हज’ नावाचा संघ. वुल्व्हज म्हणजे लांडगे. सामना फुटबॉलचा, पण बंदिस्त सभागृहातला. परतताना पोराच्या हातात एक छोटा रबरी, लांबोळा चेंडू होता आणि त्यावर चार-पाच खेळाडूंच्या सह्या होत्या. त्या रात्री तो चेंडू उशाशी घेऊन झोपला.

पुढच्या वर्षी वसंतात त्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘नाना, वुल्व्हज नाहीत.’’ मी विचारलं, नाहीत म्हणजे काय? तर संघच नाही. बंद पडला. २०१५ आणि २०१६ असे दोन हंगाम खेळला आणि संपला. ‘‘ते कुठे गेले?’’ या त्याच्या प्रश्नावर मी आपलं ‘शोधून सांगतो’ असं मोघम उत्तर दिलं. मोठी माणसं पुष्कळ गोष्टी शोधून सांगतो म्हणतात आणि विसरतात. मी मात्र या वेळी खरोखरच शोधत बसलो. आज तुमच्यापुढं जे सांगणार आहे, ते मूळचं त्या पोराला द्यायचं उत्तर आहे. थोडं लांबलं आहे, एवढंच.

आधी गाव समजून घेऊ. मोंटाना राज्य आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठं. क्षेत्रफळ तीन लाख ऐंशी हजार चौरस किलोमीटर, आपलं तीन लाख आठ हजार. पण २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली अवघी अकरा लाखांच्या आत! आपल्याकडं एवढी माणसं एखाद्या बऱ्यापैकी शहरात असतात. बिलिंग्ज हे त्या राज्यातलं सर्वांत मोठं शहर, म्हणजे लाख-सव्वा लाख वस्तीचं. यलोस्टोन नदीच्या काठी, पिवळसर वालुकाश्माच्या कड्यांच्या कुशीत वसलेलं. अमेरिकी फुटबॉलची जी थोरली लीग आहे, एनएफएल, तिचा एकही संघ या राज्यात नाही. त्या लीगचा सामना प्रत्यक्ष बघायचा तर डेन्व्हर गाठावं लागतं. तेही आठ-नऊशे किलोमीटर मोटार हाकून. म्हणजे बार्शीहून निघून क्रिकेटचा सामना बघायला कर्नाटक ओलांडून थेट चेन्नईला जाण्यासारखं.

आता खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. त्यांच्या फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं, हाताचं आणि खांद्याचं फार. दोन टोकांना निमुळता चेंडू घेऊन समोरच्यांची भिंत फोडत पुढं सरकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्याकडं जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाशी पोचलात की सहा गुण. कबड्डी आणि कुस्ती यांचं लग्न लावून त्यात बुद्धिबळाला करवली केल्यासारखा हा प्रकार मला वाटला. मूळ मैदान शंभर यार्डांचं आणि एका बाजूला अकरा गडी.

हा अवाढव्य खेळ सभागृहात कसा शिरला, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आत खेळायच्या सॉकरचा एक सामना चालू होता. प्रेक्षकांत जिम फॉस्टर नावाचा गृहस्थ होता. त्याच्या मनात आलं, सॉकर आत येऊ शकतो तर फुटबॉल का नाही? जवळच्या पाकिटावर त्यानं तिथल्या तिथं मैदानाचा आराखडा काढला. त्याची खुबी एकाच गोष्टीत आहे. अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीचा आखाडा दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असतो. फॉस्टरनं आपलं मैदान बरोब्बर त्या मापात बसवलं. लांबी पन्नास यार्ड, दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांचे पट्टे आणि गडी अकराऐवजी आठ. हॉकीच्या आखाड्याला कठडा असतोच, त्याला जाड गाद्या बांधल्या की झालं. बर्फावर आच्छादन आणि त्यावर कृत्रिम हिरवळीच्या गुंडाळ्या पसरायच्या. सामना संपला की मैदान गुंडाळून ठेवायचं.

लहानपणी आमच्याकडं जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. संध्याकाळी तंबू, पडदा, भोंगा. आठवड्याभरानं बघावं तर नुसत्या खुंट्यांची भोकं. बिलिंग्जला ती हिरवळ बघताना मला त्या तंबूची आठवण झाली होती.

फॉस्टरच्या कल्पनेची पहिली चाचणी १९८६ च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या गावी झाली. त्यासाठी दोन संघ तयार केले होते, तेही तेवढ्या एका सामन्यापुरते! म्हणजे हा खेळ जन्मलाच एका रात्रीच्या संघांच्या पोटी. पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, चार संघांची अरीना फुटबॉल लीग सुरू झाली: शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन. पहिलं अजिंक्यपद डेन्व्हरनं जिंकलं.

फॉस्टरच्या खेळात दोन्ही टोकांना गोलखांबांच्या शेजारी मोठी ताणलेली जाळी असे. चेंडू जाळीवर आपटून परत आला तरी खेळ थांबत नसे, तो झेलून पळता येई. प्रेक्षकांना हीच मजा फार आवडली. फॉस्टरनं आपल्या खेळाचं रीतसर पेटंट घेतलं, ते १९९० मध्ये मंजूर झालं. खेळाचं पेटंट! आपल्याकडं विटी-दांडूचं कुणी पेटंट घेतलं असतं तर गल्लीतल्या पोरांची काय गत झाली असती, कल्पना करा. पण त्यामुळं झालं असं, की इतर शहरांतल्या हौशी मंडळींनी आपल्या छोट्या लीगा काढल्या तेव्हा त्यांना ती जाळी लावता येईना. त्यांनी जाळीशिवायचा खेळ काढला आणि त्याला ‘अरीना’ न म्हणता ‘इनडोअर’ म्हटलं. २००७ मध्ये पेटंटची मुदत संपली, पण तोवर जाळीशिवाय खेळण्याची सवय लागून गेली होती. मी बघितला तो सामनाही बिनजाळीचा.

तर या छोट्या लीगांची एक अख्खी जत्राच भरली. २००० च्या सुमारास इनडोअर फुटबॉल लीग, २००१ ते २००७ नॅशनल इनडोअर फुटबॉल लीग, २००५ पासून युनायटेड इनडोअर फुटबॉल, थोरल्या अरीना लीगची धाकटी बहीण म्हणून २००० ते २००९ अरीनाफुटबॉल टू. शिवाय २००९ पासून दोन लीगा एकत्र येऊन निघालेली नवी इनडोअर फुटबॉल लीग. नावं इतकी सारखी, की आपल्याकडच्या राजकीय पक्षांचे गट बरे. एक लीग बुडाली की तिचे तगलेले संघ दुसरीत, दुसरी बुडाली की तिसरीत.

हे संघ का बुडतात? भाचीच्या यजमानांना हिशेबाची भारी आवड. एका रात्री जेवणानंतर त्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुणा एका संघाच्या वहीतले नाहीत. समजा, घरचे सामने वर्षाला आठ. कारण या संघांना सभागृह मिळतं ते हॉकी आणि बास्केटबॉलचा हंगाम सरत आल्यावर, वसंत ते उन्हाळा. समजा, दर सामन्याला तीन हजार माणसं आली आणि सरासरी पंधरा डॉलरचं तिकीट. झाले तीन लाख साठ हजार डॉलर. ऐकायला बरे वाटतात. आता खर्च. सभागृहाचं भाडं. हिरवळीच्या गुंडाळ्या आणि गाद्या. पाहुण्या गावी जायला बस आणि तिथं तीस-पस्तीस माणसांची हॉटेलात सोय. पंच. जाहिरात. कचेरीतली दोन-चार माणसं. आणि सगळ्यांत भारी खर्च कोणता, माहीत आहे? खेळाडूंचे पगार नव्हेत. विमा! हाडं मोडण्याचा खेळ. कायद्यानं खेळाडू म्हणजे कामगार, आणि कामगाराला दुखापत झाली तर भरपाईचा विमा उतरावाच लागतो. विमा कंपनीला काय कळत नाही, की हा धंदा गुडघ्यांचा आहे?

पगाराचं म्हणाल तर या छोट्या लीगांत एका सामन्याला दोनशे डॉलरच्या आसपास मिळत. जिंकलात तर थोडी बक्षिशी. राहायला चौघांत एक खोली, आणि गावातल्या एखाद्या पिझ्झावाल्यानं आठवड्यातून दोनदा जेवण पुरस्कृत केलेलं. सभागृहाच्या त्या गादीच्या भिंतींवर मी जाहिराती वाचल्या होत्या: मोटारविक्रेता, बँक, दातांचा डॉक्टर. गावच संघ चालवत असतं म्हणा ना. पण गावाला एक वर्ष मंदीचं गेलं, की दातांचा डॉक्टर आधी मागं सरतो.

शिवाय अंतर. वुल्व्हज ज्या लीगमध्ये होते, तिच्यातला बलाढ्य संघ साउथ डकोटातल्या सू फॉल्स गावचा. २०११ ते २०१६ अशी सहा वर्षं अजिंक्यपद त्यांच्याकडंच होतं. बिलिंग्जहून ते गाव हजार किलोमीटरच्या वर. आणखी एक कटकट म्हणजे, अशा लीगमध्ये एक संघ मध्येच बुडाला की सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. तुमचा संघ ठणठणीत असला तरी समोर खेळायला कुणी नाही! मग घरचा एक सामना गेला, म्हणजे वर्षाच्या आठव्या हिश्श्याची मिळकत गेली. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपलंही छप्पर जातं, असला हा व्यवहार.

यावर कुणीही विचारील, की मग लोक यात पडतातच कशाला? मालकांचं मला ठाऊक नाही. हौस आणि कर्ज ही जोडी जगभर सारखीच असावी. पण खेळाडू का येतात ते सांगतो. ते येतात एका गोष्टीसाठी आणि त्या गोष्टीचं नाव कर्ट वॉर्नर.

१९९४ मध्ये या वॉर्नरला एनएफएलच्या ग्रीन बे संघानं सराव शिबिरातूनच घरी पाठवलं. तो आयोवा राज्यात सीडर फॉल्सला एका किराणा दुकानात रात्रपाळीला फडताळांवर माल रचू लागला. मजुरी तासाला साडेपाच डॉलर. १९९५ मध्ये तो अरीना लीगच्या आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघात शिरला आणि तीन हंगाम खेळला. अरुंद मैदानात चेंडू झटक्यात फेकावा लागतो, विचार करायला वेळच नसतो. तीच त्याची शाळा झाली. १९९९ मध्ये सेंट लुईस रॅम्सचा मुख्य खेळाडू जखमी झाला आणि याला संधी मिळाली. ३० जानेवारी २००० रोजी रॅम्सनी सुपर बोल जिंकला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला हा किराणा दुकानातला गडी. २०१७ मध्ये त्याला त्यांच्या सन्मानदालनात जागा मिळाली.

दुसरा फ्रेड जॅक्सन. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजचा. त्याला कुणी घेईना. तो सू सिटी बँडिट्स या इनडोअर संघातून खेळला, आठवड्याला दोनशे डॉलरवर. तिथून युरोपातली लीग, तिथून एनएफएलचा बफेलो बिल्स संघ. २००९ च्या हंगामात त्यानं धावून हजारांहून अधिक यार्ड कमावले.

हजारांत असे दोन. बाकीच्यांचं काय, हे कुणी सांगत नाही. बाकीचे म्हणजे त्या रात्री माझ्या नातवाच्या चेंडूवर सही करणारे. सामना संपल्यावर खेळाडू निघून जात नाहीत. कठड्याचं दार उघडतात आणि पोरं सरळ मैदानात शिरतात. धिप्पाड, घामेजलेले गडी गुडघ्यावर बसून एकेका पोराशी बोलत होते. त्यातल्या एकानं माझ्याशीही हात मिळवला. काय करतोस विचारलं तर म्हणाला, दिवसा गोदामात काम करतो. तुम्ही? मी म्हटलं, मी कवी आहे. तो मोकळेपणानं हसला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे तुम्हालाही दुसरी नोकरी असणारच.’’ कवितेच्या अर्थकारणावर इतकं नेमकं भाष्य मी साहित्य संमेलनातही ऐकलेलं नाही.

बिलिंग्जमध्ये वुल्व्हज हा काही पहिला संघ नव्हता. त्याआधीच्या संघाची हकिकत ऐकल्याशिवाय या गावाचं मन कळायचं नाही. २००० साली तिथं पहिला संघ निघाला, पुढं तो ‘आउटलॉज’ या नावानं प्रसिद्धीला आला. लीगा बदलत, तगत राहिला. २००६ मध्ये एक अजिंक्यपद जिंकलं, मग २००९ मध्ये नव्या लीगचं. २०१० मध्येही घोडदौड चालू होती. आणि २० जून २०१० या दिवशी, रविवारी, त्यांचा ‘फादर्स डे’ असताना दुपारी चक्रीवादळाचा सोंड्या थेट सभागृहावर उतरला. १९७५ साली बांधलेलं हे सभागृह, लोक त्याला प्रेमानं ‘मेट्रा’ म्हणतात. वादळानं त्याचं छप्पर उचकटून फेकून दिलं. सुदैवानं आत कुणी नव्हतं आणि गावात कुणाचा जीव गेला नाही. भाचीच्या शेजारणीनं मला सांगितलं, की आकाशातून कापसासारखं काहीतरी बराच वेळ पडत होतं. ते छपराचं अस्तर होतं.

घराचं छप्पर गेलेल्या त्या संघानं पुढच्या महिन्यात काय केलं असेल? अजिंक्यपद राखलं. अंतिम सामन्यात त्याच सू फॉल्सला हरवलं. आणि मग संपला. सभागृह दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता, खेळायला जागा नव्हती, सांगायला विजेतेपद होतं. ओळीनं दोन वेळा अजिंक्य ठरलेला संघ जागेअभावी बंद पडला. २०११ च्या एप्रिलमध्ये एल्टन जॉनच्या मैफलीनं ‘मेट्रा’ पुन्हा उघडलं. पण त्या हिरवळीवर गावचा नवा संघ उतरायला २०१५ उजाडलं, आणि तो म्हणजे आमचे वुल्व्हज. दोन हंगामांचे धनी.

इथं मला माझं स्वतःचं एक सांगायला हवं. पंचविशीत मी आणि तीन मित्रांनी आमच्या तालुक्याच्या गावातून एक अनियतकालिक काढलं होतं. मराठीत ही परंपरा मोठी. १९५४ मध्ये ‘शब्द’ निघालं, ते चक्रमुद्रित पानांवर. त्याच्या आसपास वावरलेली माणसं पुढं मराठी कवितेचे स्तंभ झाली. आम्हालाही वाटलं, आपणही. चार अंक निघाले. वर्गणीदार एकशे बारा. पाचव्या अंकाच्या वेळी छापखान्याची उधारी आमच्या चौघांच्या पगारापेक्षा मोठी झाली आणि आम्ही त्या गल्लीतून जाणं सोडलं. आमच्यात कुणी कर्ट वॉर्नर निघाला नाही.

पण चौथ्या अंकात सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या एका पोराची कविता होती. आयुष्यात छापून आलेली त्याची ती एकच कविता. पुढं कित्येक वर्षांनी मी पंक्चर काढायला थांबलो, तर गल्ल्याच्या मागं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो अंक. त्यानं तो मला दाखवला नाही. गल्ल्यातून सुटे पैसे काढताना मला दिसला, इतकंच. मीही काही बोललो नाही.

म्हणून फोनवर त्या पोरानं ‘कुठे गेले’ म्हणून विचारलं तेव्हा ‘पैसे संपले’ हे खरं उत्तर असूनही मला ते देववेना.

ही कहाणी नंतरही थांबली नाही, तेही सांगून टाकतो. थोरली अरीना लीग २००९ मध्ये हंगामच रद्द करून दिवाळखोरीत गेली, पुन्हा उठली आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसली. इकडं २०२२ मध्ये बिलिंग्जला ‘आउटलॉज’ हे जुनं नाव पुन्हा जागं झालं. गावानं बारा वर्षं ते नाव विसरलं नव्हतं. २०२४ मध्ये अरीना लीग नव्यानं सुरू झाली, सोळा संघ घेऊन. आउटलॉज त्यात. आणि पहिल्या काही आठवड्यांतच संघ टपाटप गळू लागले. मे महिन्यात लीगचा प्रमुख बदलावा लागला. हंगामी प्रमुख म्हणून आला जेफ फिशर. हा कोण? २००० च्या सुपर बोलमध्ये वॉर्नरच्या रॅम्सकडून हरलेल्या टेनेसी टायटन्स संघाचा प्रशिक्षक! अरीनातून वर गेलेल्या माणसानं ज्याला हरवलं, त्यालाच चोवीस वर्षांनी बुडती अरीना लीग सावरायला यावं लागलं. कथाकारानं हे लिहिलं असतं तर संपादकानं ‘योगायोग फार’ म्हणून परत पाठवलं असतं.

जुलैत अंतिम सामना झाला तो न्यूजर्सीतल्या एका मॉलमध्ये, तिथल्या बर्फाच्या रिंगणात. बाहेर कपड्यांचे सेल, आत अजिंक्यपद. जिंकले कोण? बिलिंग्जचे आउटलॉज, ऑल्बनीच्या संघाला हरवून. लीग मात्र त्या रूपात तेवढ्या एका हंगामापुरतीच राहिली.

आपला महाराष्ट्र यातून अगदीच अलिप्त आहे असं समजू नका. २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ जाहीर झाली. मोकळ्या मैदानावरचा अमेरिकी फुटबॉल भारतात रुजवायचा बेत. पैसे घालणाऱ्या अमेरिकी खेळाडूंत एक नाव होतं कर्ट वॉर्नर. भारत-श्रीलंकेतले आठ संघ. मुंबईचा ग्लॅडिएटर्स, पुण्याचा ‘पुणे मराठाज्’. पहिल्या हंगामाचे सामने २०१२ मध्ये कोलंबोला खेळवले आणि नंतर टीव्हीवर दाखवले. अजिंक्य ठरले ‘पुणे मराठाज्’! पुण्यात कुणी फटाके वाजवल्याचं मला आठवत नाही. मी त्या वर्षी दोनदा पुण्याला गेलो होतो. संघ अजिंक्य आहे हे कळलं ते बिलिंग्जहून परतल्यावर, या भाषणाची जुळवाजुळव करताना. रग्बी, कबड्डी असल्या खेळांतून आलेली, शिरस्त्राण घालून कोलंबोच्या उकाड्यात धावलेली ही मुलं आज कुठं असतील? त्यांच्या सह्यांचे चेंडू कुणाच्या कपाटात असतील का?

माझा नातू आता मिसरूड फुटलेला गडी आहे. शाळेच्या संघातून मोकळ्या मैदानावर फुटबॉल खेळतो. या भाषणाचा मसुदा मी त्याला फोनवरून वाचून दाखवला, अवघड मराठी शब्द त्याच्या आईनं मध्ये मध्ये समजावून सांगितले. पेटंटपाशी तो हसला, वादळापाशी गप्प झाला. शेवटी म्हणाला, ‘‘नाना, सगळं बरोबर आहे. पण त्या रात्री आपण हरलो होतो, ते तुम्ही सांगितलंच नाही.’’

मला खरंच आठवत नव्हतं. त्याला गुणफलक पाठ होता.